‘छे, असं कुणी बोलतच नाही!’
सदर : पडद्यामागे

दोस्तांनो, परवा आपल्या एका छोट्या वाचकाचं पत्र आलं. पत्र म्हणजे काय, तक्रारच! तो लिहितो, ‘टीव्हीवरच्या मालिकांतली शाळकरी मुलं आमच्यासारखी का बोलत नाहीत? ती सारखी शहाण्यासारखं का बोलतात? आणि दहावीतला मुलगा म्हणून ज्याला दाखवतात, त्याला मिशी कशी काय असते?’

प्रश्न अगदी लाखमोलाचे आहेत. मिशीचा तर फारच! याचं उत्तर शोधायला आज आपण खूप लांब जाणार आहोत. थेट कॅनडात, टोरोंटो शहरात. कारण हेच प्रश्न तिथल्या एका शाळेतल्या बाईंना खूप वर्षांपूर्वी पडले होते. आणि नुसते पडून राहिले नाहीत, तर त्यातून एक मालिका जन्माला आली. तिचं नाव ‘डिग्रासी’.

आधी जरा पडद्यामागे डोकावू या. साल १९८७. एका खोलीत बरीच मुलंमुली घोळका करून बसली आहेत. कुणी तेरा वर्षांचं, कुणी पंधरा. प्रत्येकाच्या हातात कागदांचा गठ्ठा आहे. पुढच्या भागाचे संवाद त्यात टाइप केलेले आहेत. एकेक जण आपापलं वाक्य मोठ्यानं वाचतोय. मध्येच कुणीतरी अडखळतं, तोंड वाकडं करतं आणि म्हणतं, ‘छे, असं कुणी बोलतच नाही!’

आता दुसरीकडे काय झालं असतं? ‘गप्प बस, लिहिलंय तसं म्हण,’ असं दटावलं असतं. इथं मात्र मालिकेचे लेखक यान मूर लगेच पेन्सिल उचलायचे. ‘मग तुम्ही कसं बोलता?’ म्हणून विचारायचे. मुलं सांगतील ते ऐकायचं, वाक्य खोडायचं, नवं लिहायचं. भाग दर भाग हे असंच चालायचं. मोठ्यांनी लिहायचं आणि मुलांनी तपासायचं. म्हणजे वह्या तपासण्याचं काम उलटंच झालं की नाही?

ही उलटी रीत सुचली कुणाला? तर लिंडा स्कायलर नावाच्या एका शिक्षिकेला. आपण त्यांना लिंडाबाई म्हणू. टोरोंटोच्या एका शाळेत त्या सातवी-आठवीच्या मुलांना शिकवायच्या. फिल्म कशी तयार होते हेही त्या वर्गात शिकवत. मुलांसाठी म्हणून ज्या फिल्म मिळत, त्या बाईंना पटत नसत. त्यांत मुलांची काहीतरी अडचण असायची, मग कुणीतरी मोठं माणूस यायचं, चार उपदेशाच्या गोष्टी सांगायचं आणि सगळं सुरळीत व्हायचं. बाई तर रोज वर्गात मुलांमध्ये वावरत होत्या. त्यांना ठाऊक होतं, की खऱ्या अडचणी काही अशा चुटकीसरशी सुटत नाहीत. मुलं आधी एकमेकांना सांगतात, चुकतात, भांडतात, पुन्हा एकत्र येतात. मोठ्यांपर्यंत गोष्ट पोहोचते ती सगळ्यात शेवटी.

किट हूड नावाचे एक संकलक त्यांना भेटले. संकलक म्हणजे चित्रित केलेले तुकडे कापून, जोडून एकसंध फिल्म करणारा माणूस. १९७६ मध्ये दोघांनी मिळून एक छोटीशी कंपनी काढली. पैसे बेताचेच होते, उत्साह मात्र भरपूर होता.

पहिल्या फिल्मसाठी बाईंनी एक चित्रमय पुस्तक निवडलं, के चोराओ या लेखिकेचं. पण पुस्तकावरून फिल्म करायची तर हक्क विकत घ्यावे लागतात. बाई स्टीव्हन स्टोन नावाच्या तरुण वकिलाकडे गेल्या. वकीलसाहेबांनी काय सल्ला द्यावा? म्हणाले, माझ्याकडून पत्र गेलं तर किंमत वाढेल, तुम्ही स्वतःच विचारा! बाईंनी विचारलं, आणि अवघ्या दोनशे डॉलरांत हक्क मिळाले. (पुढे बऱ्याच वर्षांनी या वकीलसाहेबांशीच लिंडाबाईंचं लग्न झालं आणि दोघं मिळून मालिका काढू लागले. पण ती गोष्ट नंतर.)

त्या पुस्तकात आयडा ही एक मांजर आहे. फिल्ममध्ये ती झाली एक मुलगी. गोष्ट ऐका, मोठी मजेदार आहे. आयडा आपल्या गल्लीतल्या कचऱ्यावर एक छोटी फिल्म बनवते आणि स्पर्धेला पाठवते. परीक्षक ती पाहतात आणि त्यांना वाटतं, ही तर युद्धावरची फिल्म! ते तिला बक्षीस देऊन टाकतात. आता आयडाची पंचाईत. गप्प राहून बक्षीस घ्यायचं, की ‘अहो, तो नुसता कचरा होता’ असं खरं सांगून टाकायचं?

ही फिल्म आली १९७९ मध्ये. करणारा एक गोष्ट सांगतो आणि पाहणारा दुसरीच समजून बसतो, हा तिचा विषय. तो जरा लक्षात ठेवा हं. पुढे आपल्याला तो पुन्हा भेटणार आहे.

फिल्म चालली. तिच्या मागोमाग आणखी भाग झाले आणि ‘द किड्स ऑफ डिग्रासी स्ट्रीट’ नावाची मालिका तयार झाली. १९८६ पर्यंत तिचे २६ भाग झाले. डिग्रासी स्ट्रीट ही काही मनानं रचलेली जागा नाही. टोरोंटोच्या पूर्व भागात या नावाची एक साधी, लहानशी गल्ली खरोखर आहे. जवळच्या मोठ्या रस्त्यावरून ट्रॅम धावतात. गल्लीत खेळणारी मुलं मोठी होत गेली, तशी मालिकाही मोठी झाली. १९८७ च्या जानेवारीत ‘डिग्रासी ज्युनिअर हाय’ सुरू झाली, आणि १९८९ मध्ये तिचीच पुढची इयत्ता, ‘डिग्रासी हाय’. दोन्ही मिळून ७० भाग. दाखवायची सीबीसी, म्हणजे कॅनडाची सार्वजनिक वाहिनी.

इथं कॅनडाची एक अडचण सांगायला हवी. त्याच्या शेजारी बसली आहे अमेरिका. बहुतेक कॅनेडियन लोक सरहद्दीच्या आसपासच राहतात. त्यामुळे अमेरिकेच्या वाहिन्या त्यांच्या घरात सहज येतात. शेजाऱ्याच्या मालिका मोठ्या, झगझगीत, भरपूर पैसे ओतून केलेल्या. त्यांच्यापुढे घरच्या मालिकेचा टिकाव लागणार कसा? म्हणून तिथल्या सरकारनं नियम केला, की वाहिन्यांनी ठरावीक प्रमाणात कॅनडातच तयार झालेले कार्यक्रम दाखवायलाच हवेत. शिवाय टेलिफिल्म कॅनडा नावाची सरकारी संस्था निर्मात्यांना पैशांची मदत करते. ‘डिग्रासी’ उभी राहिली ती अशा आधारावर. अमेरिकेतल्या पीबीएस या सार्वजनिक वाहिनीचीही तिला साथ होती.

आणि एक गंमत. टोरोंटो शहर हे पडद्यावरचं मोठं बहुरूपी आहे! कितीतरी अमेरिकन सिनेमांचं चित्रीकरण तिथं होतं. गाड्यांच्या नंबरपाट्या बदलायच्या, रस्त्यात पिवळ्या टॅक्सी उभ्या करायच्या, अमेरिकेचा झेंडा लावायचा, की झालं न्यूयॉर्क. ‘डिग्रासी’नं मात्र हे सोंग घेतलं नाही. आम्ही टोरोंटोचे, आमची गल्ली ही अशी, असं सरळ दाखवलं.

आता वळू या त्या मिशीच्या प्रश्नाकडे!

अमेरिकेत १९९० मध्ये ‘बेव्हर्ली हिल्स, ९०२१०’ नावाची शाळकरी मुलांवरची मालिका सुरू झाली. फार गाजली. तिच्यात शाळेत जाणाऱ्या अँड्रियाचं काम करणाऱ्या नटीचं वय तेव्हा किती असेल? २९ वर्षं! तुमच्या काही बाईंपेक्षाही जास्त. असं का करतात? कारण मोठ्या नटांकडून कितीही तास काम करून घेता येतं. लहान मुलांची शाळा असते, त्यांच्यासाठी कामाच्या तासांचे नियम असतात, आणि मध्येच त्यांचा आवाज फुटतो, उंची वाढते. फारच गैरसोय.

लिंडाबाईंनी ही गैरसोय मुद्दाम पत्करली. तेरा वर्षांच्या मुलाचं काम तेरा-चौदा वर्षांच्याच मुलानं करायचं, असा त्यांचा हट्ट होता. टोरोंटोच्या शाळांशाळांतून मुलं बोलावली. निवडलेल्या पन्नास-साठ मुलांपैकी बहुतेकांनी आयुष्यात कधी कॅमेरा पाहिला नव्हता. मग त्यांचं शिबिर घेतलं. शिबिरात पाठांतर नाही, की ‘रडून दाखव, हसून दाखव’ नाही. एखादा प्रसंग द्यायचा आणि म्हणायचं, ‘तू काय केलं असतंस? कर बघू.’

चित्रीकरणही खऱ्या शाळेत. टोरोंटोच्या पश्चिमेला इटोबिको नावाचा भाग आहे. तिथल्या एका शाळेच्या इमारतीत कॅमेरे लागले. मुलं पुष्कळदा स्वतःच्याच घरचे कपडे घालून काम करत. चेहऱ्यावर मुरूम असले तर असू देत, दातांना तारा असल्या तर असू देत. अमांडा स्टेप्टो नावाची मुलगी आली तीच डोक्यावर साळिंदराच्या काट्यांसारखे उभे केस घेऊन. कुणी तिला ‘केस नीट विंचरून ये’ म्हटलं नाही. उलट मालिकेत तिचं नावच पडलं स्पाइक, म्हणजे काटा!

आणखी एक नियम तर मला फारच आवडला. या मालिकेत कुणी कायमचा हिरो नव्हता. या आठवड्यात ज्याची गोष्ट असेल, तो पुढच्या आठवड्यात वऱ्हांड्यातून दप्तर घेऊन नुसता चालत जाईल. आज मागच्या बाकावर बसलेल्या मुलीवर उद्या अख्खा भाग असेल. शाळा अशीच असते ना? प्रत्येकाची काहीतरी गोष्ट असतेच, फक्त आपली पाळी यायची असते.

गोष्टी तरी कसल्या होत्या? कॉपी केली आणि पकडलं गेलो. घरी आई-बाबांची भांडणं चालू आहेत. मित्रानं दगा दिला. कुणीतरी वर्गात रोज चिडवतंय. जोई, स्नेक आणि व्हील्स या तीन मित्रांनी तर एक बँड काढलेला. नाव ‘द झिट रेमेडी’, म्हणजे चक्क मुरुमांवरचं औषध! या जगप्रसिद्ध व्हायला निघालेल्या बँडकडे गाणी होती फक्त एक. तेच ते, तेच ते. हॅट घालून मिरवणाऱ्या जोईचं काम करणाऱ्या पॅट मास्त्रोयानीला १९८८ मध्ये मोठ्या नटांच्या बरोबरीनं कॅनडाचं जेमिनी पारितोषिक मिळालं. त्याच्या पुढच्या वर्षी केटलिनचं काम करणाऱ्या स्टेसी मिस्टिसिनला मिळालं.

आणि भागाचा शेवट? तो कधी गोड करून दिला जायचा नाही. शेवटचं चित्र एकदम जागच्या जागी थिजायचं. मुलगा दाराशी उभा आहे, आत जाईल का नाही, माहीत नाही. बस्स, पाटी आली, भाग संपला. मग घरोघरी काय होत असेल? ‘तिनं सांगायला नको होतं,’ ‘का नको? मी असते तर सांगितलंच असतं!’ मालिका संपली तरी गोष्ट घरात चालूच.

आता पाहणाऱ्यांकडे येऊ. कारण इथून गोष्ट जरा अवघड होते.

स्पाइकच्या वाट्याला सगळ्यात कठीण कथा आली होती. शाळेत असतानाच तिला दिवस जातात. बाळाच्या बापाचं नाव शेन, तोही शाळकरीच. मालिकेनं यात ना तमाशा केला, ना उपदेश. एका भागात दोघं एक साधं अंडं घेतात आणि बाळ समजून पाळीपाळीनं सांभाळतात. फुटू द्यायचं नाही, एकटं टाकून जायचं नाही. त्या एका अंड्यानं कितीतरी मुलांना जे कळलं, ते तासभराच्या भाषणानं कळलं नसतं. स्पाइकच्या कथेच्या पहिल्या भागाला १९८७ चं आंतरराष्ट्रीय एमी पारितोषिक मिळालं. सगळ्यांना मात्र हे रुचलं नाही. इंग्लंडमध्ये बीबीसीनं मुलांच्या कार्यक्रमांच्या वेळेत काही भाग दाखवायचे टाळले. मुलांना हे कळलेलं बरं की न कळलेलं बरं? तो वाद तेव्हाही झाला, आजही घराघरांत होतो.

पण अमांडाचं काय झालं? मालिका इतकी खरी वाटायची, की पुष्कळ लोकांना ही मुलगी खरोखरच आई होणार आहे असं वाटायचं! शाळकरी वयात आई झालेल्या मुली तिला पत्रं लिहून सल्ला विचारायच्या. विचार करा. सोळा-सतरा वर्षांची मुलगी, आपला गृहपाठ करणारी. ती काय सल्ला देणार? आठवली का आयडा? करणारा एक करतो आणि पाहणारा दुसरंच समजतो. मालिका खोटी वाटली तर आपण हसतो. पण ती फार खरी वाटली, तर आपण एक गोष्ट विसरतो. ती म्हणजे काम करणारं मूल वेगळं आणि पडद्यावरचं मूल वेगळं.

याची सगळ्यात चटका लावणारी गोष्ट आहे व्हील्सची. त्या बँडमधला तिसरा मित्र. त्याचं काम करायचा नील होप. ‘ज्युनिअर हाय’ सुरू झाली तेव्हा नील चौदा वर्षांचा होता. मालिकेत व्हील्सला दत्तक घेणारे आई-बाबा एका अपघातात जातात, कारण समोरचा माणूस दारू पिऊन गाडी चालवत असतो. त्यानंतर व्हील्स भरकटत जातो. खोटं बोलतो, घर सोडतो, मित्रांना दुखावतो. १९९२ मध्ये ‘स्कूल्स आऊट’ नावाच्या चित्रपटानं मालिकेची सांगता झाली. त्यात व्हील्स स्वतःच दारू पिऊन गाडी चालवतो. एक लहान मूल दगावतं, वर्गातली मैत्रीण लूसी जबर जखमी होते. ज्या गोष्टीनं त्याचं घर मोडलं, तीच गोष्ट त्याच्या हातून घडते. पाहणारे सुन्न झाले.

ही झाली व्हील्सची गोष्ट. नीलची?

त्याच वर्षी सीबीसीवर ‘डिग्रासी टॉक्स’ नावाचे सहा भाग झाले. त्यात काम करणारी मुलं भूमिका बाजूला ठेवून, आपल्या खऱ्या नावानं, हातात माईक घेऊन देशभर फिरली आणि ठिकठिकाणच्या मुलामुलींशी बोलली. नीलनं त्यात स्वतःच्या घराबद्दल सांगितलं. त्याच्या आईवडलांना दारूचं व्यसन होतं. पडद्यावर जे दुःख तो दाखवत होता, त्याची धग त्याला घरीच लागलेली होती. हे सगळ्यांसमोर सांगायला किती धीर लागला असेल!

पुढे नील अभिनयापासून दूर गेला. २००३ मध्ये नव्या मालिकेत तो आपल्या दोन जुन्या मित्रांबरोबर एका भागात दिसला, तेव्हा जुने प्रेक्षक आनंदले. त्यानंतर तो पुन्हा नजरेआड झाला. आणि २०१२ मध्ये अचानक बातमी आली, की नील होप आता नाही. बातमी नवी, पण घटना जुनी. हॅमिल्टन शहरात, एका भाड्याच्या खोलीत, २००७ सालच्या नोव्हेंबरमध्येच त्याचं निधन झालं होतं. वय अवघं ३५. चार वर्षांहून अधिक काळ ज्यांनी त्याला पडद्यावर पाहून अश्रू ढाळले होते, त्या प्रेक्षकांना पत्ताच नव्हता.

दोस्तांनो, यात कुणा एकाचा दोष काढायला मी हे सांगत नाही. पण मला राहून राहून वाटतं, व्हील्स कुठल्या भागात काय म्हणाला ते हजारोंना तोंडपाठ होतं. नील कसा आहे, हे विचारायला मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही. टाळ्या मिळतात त्या पडद्यावरच्या मुलाला, आणि कॅमेरा बंद झाल्यावर घरी जातो तो दुसराच मुलगा.

बरं, गोष्ट इथंच संपत नाही. पाहणाऱ्यांनी काही चांगल्या गोष्टीही घडवून आणल्या.

मालिका संपून आठएक वर्षं झाली होती. १९९९ च्या डिसेंबरमध्ये सीबीसीच्या ‘जोनोव्हिजन’ या कुमारांच्या कार्यक्रमात जुन्या मुलांना एकत्र बोलावलं. मुलं कसली, आता मोठी झालेली! पाहायला येणाऱ्यांची ही गर्दी, हा जल्लोष. लिंडाबाई आणि यान मूर यांना कळलं, की लोक विसरलेले नाहीत. आणि मग मूर यांनी एक साधं गणित मांडलं. स्पाइकला झालेली मुलगी, एमा. ती आता किती वर्षांची असेल? अरेच्चा! ती तर सातवीत जायला आली!

झालं. २००१ च्या ऑक्टोबरमध्ये सीटीव्ही वाहिनीवर ‘डिग्रासी : द नेक्स्ट जनरेशन’ सुरू झाली. आई स्पाइक, तिची मुलगी एमा, आणि एमाच्या शाळेतले शिक्षक कोण? तर आपला बँडवाला स्नेक! स्टीफन ब्रोग्रेन हा नट या मालिकेत आधी विद्यार्थी, मग शिक्षक आणि शेवटी मुख्याध्यापक झाला. पडद्यामागेही त्याची अशीच बढती झाली आणि तो कितीतरी भागांचं दिग्दर्शन करू लागला. या वेळी खरी शाळा मात्र नव्हती. टोरोंटोतल्या एका जुन्या छापखान्याच्या इमारतीत शाळा उभारली होती. पण मूळ नियम तोच राहिला, की मुलांची कामं मुलांनीच करायची. ही मालिका २०१५ पर्यंत चालली.

तिच्यात जिमी नावाचा एक मुलगा होता. बास्केटबॉल खेळणारा. सतत छळ सोसून वेडापिसा झालेला एक विद्यार्थी शाळेत बंदूक आणतो, जिमीला गोळी लागते, आणि पुढची सगळी वर्षं जिमी चाकांच्या खुर्चीत बसून शाळेत येतो. २००४ मधला हा भाग पाहणारे विसरू शकले नाहीत. जिमीचं काम करणारा टोरोंटोचाच मुलगा होता, ऑब्री ग्रॅहम. ओळखीचं नाव नाही ना वाटत? त्याचं मधलं नाव सांगतो. ड्रेक! होय, तुमच्या ताई-दादाच्या मोबाइलवर ज्याचं रॅप वाजतं, तोच तो. २०१८ मध्ये त्यानं आपल्या एका गाण्याच्या व्हिडिओसाठी मालिकेतल्या जुन्या सोबत्यांना पुन्हा त्या शाळेत गोळा केलं. वर्गमित्रांना विसरला नाही, हे मला फार आवडलं.

आणि प्रेक्षक किती जागे झाले होते, तेही ऐका. २००४ मध्ये एका नाजूक विषयावरचे दोन भाग कॅनडात दाखवले गेले, पण अमेरिकेतल्या ‘द एन’ वाहिनीनं ते दाखवलेच नाहीत. तिथल्या मुलामुलींनी सह्यांची मोहीम काढली. आम्हांला कळू द्या, आम्ही एवढे लहान नाही, असं त्यांचं म्हणणं. शेवटी २००६ मध्ये ते भाग दाखवले गेले. पहिल्या दिवशी खोलीत कागद हातात घेऊन ‘छे!’ म्हणणारी मुलं होती ना? आता पडद्याच्या पलीकडून पाहणारी मुलंही ‘छे!’ म्हणू लागली होती.

किट हूड २०२० मध्ये गेले. लिंडाबाईंनी २०२२ मध्ये आपल्या आठवणींचं पुस्तक लिहिलं. इतक्या वर्षांचं काम, पण त्याचं मूळ एवढंसंच होतं. मुलांना विचारा आणि ती सांगतील ते ऐका.

तर पत्र पाठवणाऱ्या माझ्या मित्रा, तुझं उत्तर मिळालं का? टीव्हीवरची मुलं तुमच्यासारखी बोलत नाहीत, कारण लिहिणाऱ्या मोठ्यांनी तुम्हांला विचारलेलं नसतं. आणि मिशी असते, कारण तिच्याखाली खरोखरच मोठा माणूस असतो!

या आठवड्याचा उद्योग सांगतो. मधल्या सुट्टीत दोन दिवस नुसते कान उघडे ठेवा. कोण कसं बोलतं ते घरी येऊन लिहून काढा. (कुणाचं गुपित असेल तर ते मात्र वहीत नको हं!) मग त्यावरून अर्ध्या पानाचा एक प्रसंग लिहा आणि मित्रांना वाचून दाखवा. जिथं कुणी ‘छे, असं कुणी बोलतच नाही!’ म्हणेल, तिथं रागावू नका. पेन्सिल घ्या आणि खोडा. जमलेला प्रसंग आमच्याकडे जरूर पाठवा.

आणि आई-बाबांनो, एक विनंती तुम्हांला. मुलांबरोबर एखादी मालिका पाहाल तेव्हा शेवट झाल्या झाल्या ‘बघितलंस ना, असं करू नये’ असं म्हणण्याची घाई करू नका. थोडं थांबा. मुलं आधी काय म्हणतात ते ऐका. कदाचित ती त्या मालिकेतल्या मुलाबद्दल बोलत नसतील, स्वतःबद्दलच बोलत असतील.

पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटू, पडद्यामागेच!